दातणाची काडी आणि मशेरीची डबी



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. आमच्या आमलीचा, म्हणजे सिल्वाशाचाही, असा इतिहास आहे. १७७९ सालच्या मराठे-पोर्तुगीज तहाला अनुसरून १७८३ साली नगर हवेलीचा मुलूख पोर्तुगीजांच्या हाती गेला. १८८५ साली त्यांनी कारभाराचे ठाणे दराऱ्याहून सिल्वाशास हलविले. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले आणि १९६१ साली हा प्रदेश भारतीय संघराज्यात रीतसर सामील झाला. हे सारे मुले शाळेत पाठ करतात. परंतु याच मुलुखातील माणूस सकाळी उठून दात कशाने घाशीत होता, भांडी कशाने उजळीत होता, अंगण कशाने सारवीत होता, हा इतिहास कोणी कोणाकडून पाठ करून घेत नाही. वस्तुतः राज्ये आली आणि गेली, तरी मोरीवरचा आणि चुलीपुढचा हा इतिहास अखंड चालू राहिला. त्यातील एक प्रकरण आज मी आपणांपुढे मांडणार आहे. दात स्वच्छ करण्याचे निमित्त सांगून जी वस्तू आपल्या घरात शिरली, ती दातांची आणि पुढे प्राणांचीही वैरीण कशी झाली, आणि तिला घराबाहेर कसे काढावे, हा त्या प्रकरणाचा विषय आहे.

आरंभ काडीपासून करावा लागेल. सुश्रुतसंहितेत दंतधावनाचा विधी दिला आहे. काडी बारा अंगुळे लांब, करंगळीच्या टोकाइतकी जाड, सरळ, बिनगाठीची आणि ताजी असावी. तिचे टोक मऊ करून एकेक दात घासावा. मात्र हिरड्यांना इजा होऊ देऊ नये. कडू झाडांत निंब श्रेष्ठ, तुरटांत खैर, गोडांत मोह आणि तिखटांत करंज, अशी निवडही तेथे केलेली आहे. चरकसंहितेत जीभ खरवडण्यासाठी सोने, रुपे, तांबे, कथील व पितळ यांच्या पट्ट्या सांगितल्या आहेत. निंब, खैर, मोह आणि करंज ही चारही झाडे आमच्या दमणगंगेच्या खोऱ्याला परकी नाहीत. वारली, कोकणा, धोडिया या बांधवांना ती नावानिशी आणि गुणानिशी ठाऊक आहेत. तेव्हा ज्यांनी संहितेचे पान कधी पाहिले नाही, त्यांच्याही हाती संहितेतलीच काडी होती.

बौद्ध भिक्षूंच्या विनयग्रंथांतही दातणाला स्थान आहे. दातण न करणाऱ्याच्या तोंडाला दुर्गंधी येते, रसना शुद्ध राहत नाही, अन्नाची गोडी जाते, असे दोष तेथे सांगितले आहेत आणि भगवान बुद्धांनी भिक्षूंना दातणाची अनुज्ञा दिल्याचे नमूद आहे. पुढे काही व्रात्य भिक्षू लांबलचक काड्या घेऊन लहान श्रामणेरांना मारू लागले, तेव्हा काडी आठ अंगुळांहून लांब नसावी असा नियम करावा लागला! शाळामास्तराला हे वाचून हसू येते, कारण मुलांच्या हाती पट्टी दिली म्हणजे काय होते हे तो रोजच पाहतो. सातव्या शतकात इत्सिंग नावाचा चिनी यात्रेकरू या देशी आला. तो ६७१ साली निघाला आणि ६९५ साली स्वदेशी परतला. त्याने आपल्या वृत्तान्तात दंतकाष्ठावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. इथले लोक काडीचे टोक चावून तिने दात घासतात, मग ती चिरून तिनेच जीभ खरवडतात आणि शेवटी टाकून देतात, हे त्याने बारकाईने टिपले.

या काडीचे सामर्थ्य कशात होते? केवळ निंबाच्या कडूपणात नव्हे. काडी मऊ होईपर्यंत चावीत बसावे लागे. त्या वेळात तोंडाला लाळ सुटे, आणि लाळ ही निसर्गाने दिलेली चूळच होय. काडी एकेका दातावर फिरे. एकदा वापरली की ती फेकली जाई, त्यामुळे साधन नित्य नवे राही. सावकाशपणा, एकेका दाताची विचारपूस आणि स्वच्छ साधन, हे तिचे तीन गुण. पुढे साधने पुष्कळ बदलली. परंतु ज्या साधनाने हे तीन गुण सोडले, त्याने दातांचे नुकसानच केले, असे इतिहास पाहता दिसून येते.

काडीच्या जोडीला चुलीतून आली ती राखुंडी. शेणीची राख, तुसाची राख, कोळशाची पूड आणि त्यात चिमूटभर मीठ. ज्या राखेने गृहिणी पितळी भांडी उजळीत असे, तिनेच घरची मंडळी दात उजळीत. या काटकसरीचे कौतुक करावे तेवढे थोडे. चुलीची राख भांड्यांना, शेण जमिनीला, शिकेकाई केसांना. घरातले काहीच वाया जात नसे. तथापि येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. तुसाच्या राखेत वाळूसारखे बारीक कण असतात आणि कोळशाची पूडही खरखरीतच. तिने भांड्याचा डाग जातो, तद्वत दातावरचे कवचही हळूहळू झिजते. पितळेचे भांडे झिजले तर कल्हईवाला येऊन कल्हई लावून देतो. दाताच्या कवचाला कल्हई नाही. ते एकदा गेले की गेले.

दात झिजला, खड्डा पडला, की वेदना आली. वेदनेचे कारण काय? आपली भाषाच त्याचे जुने उत्तर सांगते. आपण म्हणतो, दात किडला, दाताला कीड लागली. ही समजूत केवळ आपली नव्हे. प्राचीन बाबिलोनच्या मंत्रांतही दातातला किडा आहे. या समजुतीवर पोट भरणारे फिरते वैदू गावोगाव येत. भुईरिंगणीच्या बियांची धुरी नळीतून दाताला द्यायची आणि मग पाण्यात पडलेले किडे दाखवायचे, हा त्यांचा हातखंडा. भोळा रोगी समाधानाने पैसे देई आणि चार दिवसांनी दात पुन्हा ठणके. आमच्या ख्रिस्ती समाजात दाढदुखीने हैराण झालेला माणूस संत अपोलोनियेचा धावा करी. इ. स. २४९ च्या सुमारास अलेक्झांड्रिया नगरीत छळ करणाऱ्या जमावाने या श्रद्धावान स्त्रीचे दात पाडले आणि तिने हौतात्म्य पत्करले. म्हणून तिला दंतरोग्यांची कैवारी मानतात. तिचा सण ९ फेब्रुवारीला येतो. प्रार्थनेने धीर मिळतो, यात शंका नाही. परंतु देवाने बुद्धीही दिली आहे आणि ती वापरणे हीदेखील एक प्रार्थनाच आहे.

ती बुद्धी कशी वापरली गेली ते पाहा. हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेवेनहूक नावाच्या कापड-व्यापाऱ्याने १६८३ साली आपल्या दातांवरचे पांढरे किटण भिंगाखाली धरले. त्यात त्याला असंख्य सूक्ष्म जीव हालचाल करताना दिसले आणि त्याने ती हकीकत लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून कळविली. १७२८ साली पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने दंतशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहून दातातल्या किड्याची कल्पना अमान्य केली. १८९० साली मिलर या शास्त्रज्ञाने खरे कारण मांडले. तोंडातील सूक्ष्म जंतू साखर व पिठूळ अन्न खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळविते. म्हणजे दात पोखरणारी अळी नाही. परंतु डोळ्यांना न दिसणारे जीव मात्र आहेत, आणि त्यांना खाऊ घालणारे आपणच आहोत. आपल्या भाषेतली ‘कीड’ अशा रीतीने अर्धी खरी ठरली.

हे ज्ञान खेड्यापाड्यांत पोचण्यापूर्वीच दुसरी एक वस्तू तेथे पोचली होती. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर पुष्कळ नव्या गोष्टी उतरल्या. मिरची आली, काजू आला, पेरू आला. घरकामाचे शब्दही आले. आपली ‘बादली’ आणि आपले ‘घमेले’ मूळचे पोर्तुगीजच. ज्या भाषेने घर धुण्यासाठी बादली दिली, तिनेच ‘तंबाखू’ हा शब्दही दिला. १६०४-०५ च्या सुमारास असद बेग नावाच्या मोगल सरदाराला विजापुरात तंबाखू आढळली. ती त्याने अकबर बादशहापुढे रत्नजडित चिलमीसह नजर केली. बादशहाने कुतूहलाने एकदोन झुरके घेतले. राजवैद्याने मात्र या अनोळखी वनस्पतीला विरोध केला. पुढे १६१७ साली जहांगीराने तिच्यावर बंदी घातली. बादशहाची बंदी कागदावर राहिली आणि तंबाखू शेतात, बाजारात व घरात पसरत गेली.

पुरुषांना चिलीम व विडी होती. घरंदाज स्त्रीने धूर काढणे शोभत नसे. म्हणून तंबाखूने तिच्यासाठी स्वच्छतेचे सोंग घेतले. पाने तव्यावर काळी होईतो भाजावी, कुटून पूड करावी आणि ती बोटाने दातांना लावावी. हीच मशेरी. कोणी तिला मिशेरी म्हणतात, कोणी मिश्री. उत्तरेकडे गुजराती घरांतून स्त्रिया ‘बजर’ नावाची कोरडी तपकीर अशीच दातांना चोळतात. आमची आमली या दोन प्रदेशांच्या मध्ये वसलेली. तेव्हा दक्षिणेची डबी आणि उत्तरेची डबी, दोन्हींची येथे गाठ पडते.

मशेरीचा अंमल इतका का बसला, हे सहानुभूतीने समजून घेतले पाहिजे. तंबाखूतील निकोटिनाने दुखरी दाढ तात्पुरती बधिर होते, म्हणून ती औषध वाटली. तिने भूक मरते. अर्धपोटी राबणाऱ्या बाईला तो आधार वाटला. सकाळी तिच्यावाचून पोट साफ होत नाही, असे पुष्कळ भगिनी सांगतात. पण तेही व्यसनाचेच लक्षण आहे. आधी दिवसातून एकदा, मग दोनदा, मग काम करता करता गालात. मग नात रडू लागली, दाढ दुखते म्हणाली, की आजी मायेनेच चिमूटभर तिच्या हिरडीला लावते. व्यसनाची दीक्षा देणारा हात येथे दुष्टाचा नसतो, तो आजीचा असतो. म्हणूनच हे व्यसन घालविणे इतके अवघड आहे. शाळेत शिकविणाऱ्याला पोरीबाळींच्या काळवंडलेल्या हिरड्या पाहून प्रथम राग येतो. परंतु आजीवर रागावून नात सुटत नाही.

परिणाम काय होतात? हिरड्या मागे सरतात, दातांची मुळे उघडी पडतात, तोंडात पांढरे चट्टे उठतात आणि त्यांतील काही पुढे कर्करोगाचे रूप घेतात. चघळावयाच्या व चोळावयाच्या तंबाखूनेही कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने निःसंदिग्धपणे सांगितले आहे. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बालके सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची भरली आणि दिवस पुरे होण्याआधी जन्मण्याचे प्रमाणही त्यांत अधिक आढळले. या स्त्रियांची तंबाखू बहुतांशी मशेरीच्याच रूपातली होती. आईच्या बोटावरची पूड पोटातल्या बाळापर्यंत पोचते, याहून अधिक काय सांगावे?

दरम्यान शहरांत नवे युग आले होते. इंग्लंडात विल्यम ॲडिस याने १७८० च्या सुमारास हाडाच्या दांड्याचे व जनावरांच्या राठ केसांचे ब्रश विकावयास काढले. १९३८ साली अमेरिकेत नायलॉनच्या तंतूंचा ब्रश आला. आपल्याकडे डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास पहिले दंतमहाविद्यालय काढले. मुंबईत १९३३ साली नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय सुरू झाले आणि १९४८ साली दंतवैद्यकाचा कायदा झाला. कोलगेट १९३७ साली भारतात आली. १९५२ साली केशव विष्णू पेंढारकर यांनी मुंबईत विको कंपनीची स्थापना केली आणि आयुर्वेदातील वनस्पती दंतमंजनाच्या डब्यात बसविल्या. ब्रश आला, मंजन आले, पेस्ट आली. पण तंबाखूही स्वस्थ बसली नाही. काही कारखान्यांनी ती दंतमंजनात व पेस्टमध्येच मिसळून विकली. अखेर १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजने व टूथपेस्ट यांत तंबाखू वापरण्यास बंदी केली आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उचलून धरली.

कायदा झाला, हे फार चांगले झाले. तथापि कायदा कारखान्याच्या दारापर्यंत जातो. घरच्या तव्यापर्यंत तो जात नाही. पेस्टमधून हद्दपार झालेली तंबाखू आजही किती तरी चुलींवर भाजली जाते. तिच्या धुराने घरातली लहान मुले ठसकतात आणि त्याच तव्यावर भाकरी पडते. जेथे सरकारचा शिपाई पोचत नाही, तेथे पोचणे हे घरच्याच माणसांचे काम.

मग करावे काय? इतिहासाने दिलेले ते तीन गुण पुन्हा हाती घ्यावेत. पहिला गुण सावकाशपणा. दिवसातून दोनदा, सकाळी आणि विशेषतः रात्री झोपण्यापूर्वी, दोन दोन मिनिटे दात घासावे. रात्री तोंडात लाळ कमी सुटते, म्हणून रात्रीचे घासणे चुकवू नये. दुसरा गुण एकेका दाताची विचारपूस. दाताची बाहेरची बाजू, आतली बाजू आणि चावण्याची बाजू, तिन्ही घासाव्या. जोर लावू नये, कारण आपल्याला भांडे घासावयाचे नाही. शेवटी जीभही साफ करावी. तिसरा गुण स्वच्छ साधन. मऊ तंतूंचा ब्रश घ्यावा आणि तीन महिन्यांनी किंवा तंतू वाकताच बदलावा. ज्याचा ब्रश त्यालाच. तो उभा ठेवून वाळू द्यावा, संडासाशेजारी ठेवू नये. फ्लोराइडयुक्त पेस्ट मोठ्यांना वाटाण्याएवढी पुरते, तीन वर्षांखालील बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी. ज्यांना निंबाची काडीच प्रिय आहे त्यांनी ती खुशाल वापरावी. मात्र ताजी घ्यावी, हिरडी सोलू नये आणि मागच्या दाढा विसरू नये. राखुंडी मात्र भांड्यांसाठीच ठेवावी.

आणखी एक सावधगिरी. आमच्या आजोबांच्या काळी गोडधोड सणावारी होई. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्यामागोमाग महाराष्ट्रभर कारखान्यांची रांग लागली. शेतकऱ्याचे भले झाले, ते योग्यच झाले. पण साखर स्वस्त होऊन सणाची वस्तू रोजची झाली. आमलीभोवती कारखाने आले, रोख मजुरी आली आणि तिच्याबरोबर पाड्यापाड्यांवर बिस्किटांचे व गोळ्यांचे पुडे टांगले गेले. गोड खाण्याला मनाई नाही. परंतु ते जेवणाबरोबर खावे आणि वर चूळ भरावी. दिवसभर थोडे थोडे चघळीत राहिल्याने दाताला विसावाच मिळत नाही.

मशेरीसाठी केवळ उपदेश पुरणार नाही. आजीबाईंची डबी हिसकावून घेऊ नये. तिच्या जागी ब्रश द्यावा, दुखऱ्या दाढेवर दंतवैद्याचा इलाज करवावा, तोंडात धरावयाला बडीशेप किंवा लवंग द्यावी. दूरध्वनीवरून मोफत सल्ला देणारी राष्ट्रीय सेवा आहे. तिचा क्रमांक १८००-११-२३५६. आपल्या सर्व धर्मांनी संयमाचे दिवस ठरवून दिले आहेत. कोणाचा चातुर्मास, कोणाचा रमजान, आमचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ. मांस आणि गोड सोडणाऱ्या भाविकाने त्या दिवसांत मशेरी सोडण्याचा नेम धरावा. चाळीस दिवस जे सुटले, ते एकेचाळिसाव्या दिवशी पुन्हा धरण्याची सक्ती देवाने केलेली नाही. तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसला, जखम दोन आठवड्यांत भरली नाही, किंवा तोंड पूर्वीइतके उघडेना, तर धुरी आणि झाडपाला यांत वेळ न दवडता जवळच्या सरकारी रुग्णालयात दाखवावे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून हे काम करीत आले आहे. परंतु तेथे फार उशिरा पोचण्यापेक्षा येथेच लवकर दाखविणे शहाणपणाचे.

या संदर्भात गाडगे महाराजांचे स्मरण होते. १८७६ साली जन्मलेला आणि १९५६ साली निवर्तलेला हा संत हाती खराटा घेऊन दिवसा गाव झाडी आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडी. त्यांच्या लेखी रस्त्यावरचा उकिरडा आणि माणसाचे व्यसन यांत अंतर नव्हते. दोन्ही झाडून टाकावयाचीच. २००० साली महाराष्ट्र शासनाने ग्रामस्वच्छतेच्या अभियानाला त्यांचे नाव दिले, ते सर्वथा उचित झाले. अंगण सारवले, तुळशीपुढे किंवा क्रुसापुढे दिवा लावला, भिंत चुन्याने पांढरी केली, पण कोनाड्यात मशेरीची डबी तशीच राहिली, तर घर स्वच्छ झाले असे म्हणता येणार नाही.

राज्यांचा इतिहास घडविणे आपल्यापैकी थोड्यांच्या नशिबी असते. आपल्या घरच्या कोनाड्याचा इतिहास मात्र प्रत्येकाच्या हाती आहे. ज्या बोटाने आजीने मशेरी लावली, त्याच बोटाला धरून नातीने तिला आरशापुढे न्यावे आणि ब्रश कसा फिरवावा ते दाखवावे. मुलांनी वडीलधाऱ्यांना शिकवावे अशी वेळ क्वचित येते. ही तशी वेळ आहे, आणि तिच्यात कोणाचाही कमीपणा नाही.